रोजकीर्द ते मोबाईल : नोंदींचा प्रवास

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिका समितीने मला सांगितले की, "काका, तुम्ही बँकेत होतात, हिशोबावर काहीतरी लिहा." हिशोबावर लिहायचे तर आकडे आले आणि आकडे कोणी वाचत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून हिशोब बाजूला ठेवून मी नोंदीचा इतिहास लिहितो आहे. आपली नोंद आधी कुठे होत होती, ती कागदावरून संगणकावर कशी गेली, आणि त्यात आपल्याला काय मिळाले नि काय सांभाळायला हवे, एवढाच विषय. येत्या सर्वसाधारण सभेत संस्थेचे सगळे दप्तर मोबाईल अ‍ॅपवर नेण्याचा विचार पुढे येणार आहे असे ऐकतो. त्या निमित्ताने हे वाचले जावे ही इच्छा.

फसली सन आणि हाली सिक्का

आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्याकडचे जुने कागद पुणे-नाशिककडच्या कागदांपेक्षा वेगळे दिसतात. सरकारी नोंदी उर्दूत, सावकाराच्या वह्या बहुतेक मोडीत, आणि सन फसली. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. म्हणजे कागदावर १३५७ फसली दिसले तर ते १९४७-४८ साल समजावे. पैशाचेही तसेच. संस्थानचा रुपया 'हाली', आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशोब होता. मनमाडकडचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला दोन्ही रुपयांचे गणित डोक्यात ठेवावे लागे.

व्यापाऱ्याचे दप्तर म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत, आणि त्यावरून प्रत्येक माणसाचे खाते खतावणीत. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा व्हायची आणि पाडव्याला नवी वही सुरू. वहीला कुंकू लावण्यामागे श्रद्धा होती, पण व्यवहारही होता. ज्या वहीची चारचौघांत पूजा झाली ती बदलायची कशी? पाने शिवलेली, त्यामुळे एक पान फाडले तर त्याचे जोडपान सुटून बाहेर येई. ही त्या काळची सुरक्षा.

सरकारी दप्तर कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही रुमालच मोजतात. आपल्याकडे महसुली दप्तरात सेतवार आणि १९५० च्या दशकातले खासरा पाहणी पत्रक हे फार महत्त्वाचे कागद. सत्तर वर्षे कोणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. २०२३ साली राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कार्यालयांत तीच गाठोडी सोडली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम मान आला. कागद टिकला होता, पण तो वाचणारे संपत आले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्टेशन आले, पेठ आली

जुने लासूर शिवना नदीकाठचे, दाक्षायणी देवीचे. आपली वस्ती मात्र रेल्वेची लेक. एकोणिसावे शतक संपता संपता हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज मार्ग झाला. रोटेगाव, परसोडा, लासूर, पोटूळ, दौलताबाद अशी स्टेशने लागत गेली, आणि गंगापूर-वैजापूर भागातला माल इथे येऊ लागला. माल आला की आडत आली, आडतीबरोबर वखारी आणि वखारींबरोबर कागद. रेल्वेने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे छापील पावती. मालाची 'बिल्टी' हातात असेल त्याचा माल. माणसाची ओळख नसली तरी चालेल, कागद हवा. तोपर्यंत गावचा व्यवहार तोंडओळखीवर चाले.

तिकीटही आठवत असेल. जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट, त्यावर क्रमांक, आणि खिडकीमागच्या यंत्रात खटकन दाबून उठवलेली तारीख. स्टेशनमास्तर संध्याकाळी शेवटच्या तिकिटाचा क्रमांक पाहून दिवसाची विक्री काढत. १९९० च्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज झाली, पुढे संगणकाचे तिकीट आले, आणि आता मुले घरी बसल्या मोबाईलवर तिकीट काढतात.

बँकेतली खतावणी

मी बँकेत लागलो तो १९७० च्या दशकात. १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ ला झाले होते, आणखी सहा बँकांचे १९८० मध्ये झाले. मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादचे वजन होते. १९४१ च्या कायद्याने 'हैदराबाद स्टेट बँक' म्हणून जन्मलेली ही बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. तिच्या जोडीला राष्ट्रीयीकृत बँका, जिल्हा बँक आणि ग्रामीण बँका. गावोगाव शाखा उघडत होत्या आणि प्रत्येक शाखेत तेच दृश्य : लाकडी काऊंटर, पितळी टोकन, आणि उचलायला दोन हात लागतील अशी लेजरे.

आताच्या मुलांना कल्पना यावी म्हणून एका व्यवहाराची वाट सांगतो. खातेदाराने पैसे काढायची स्लिप दिली की त्याला टोकन मिळे. स्लिप लेजर कीपरकडे जाई. तो खात्याचे पान काढून शिल्लक पाही, रक्कम नावे टाकी, नवी शिल्लक लिही. मग ते पान अधिकाऱ्याकडे. तो नमुना सही पडताळून आपली आद्याक्षरे करी. मग स्लिप रोखपालाकडे, तिथे टोकनचा पुकारा. शंभर रुपये काढायला तीन माणसांची नजर आणि अर्धा तास. गर्दीच्या दिवशी तास. बाजारच्या दिवशी तर लोक टोकन घेऊन बाजार करून परत येत.

खरी कसोटी संध्याकाळी. दिवसभराच्या सगळ्या स्लिपांची बेरीज, लेजरची बेरीज आणि रोकड, तिन्ही जुळले पाहिजे. शिवाय ठराविक काळाने प्रत्येक लेजरमधल्या सगळ्या शिलका उतरवून त्यांची बेरीज जनरल लेजरशी ताडायची, त्याला 'बॅलन्सिंग' म्हणत. जुळले नाही तर 'डिफरन्स' शोधायचा. त्याच्या युक्त्या होत्या. फरकाला नऊने भाग गेला, तर बहुधा आकडे उलटे पडलेले. ५४० च्या जागी ४५० लिहिले तर फरक ९०, नऊने भाग जातो. फरकाला दोनने भाग गेला तर निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का ते पाहायचे. अशा युक्त्यांवर रात्रीचे दहा वाजत. सहामाही क्लोजिंगला तर शाखेत चहाची किटली आणि घरी बायको-मुलांचे रुसवे ठरलेले.

या पद्धतीत एक नियम सोन्यासारखा होता. लेजरमध्ये खोडरबर नाही, गिरवणे नाही. चूक झाली तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. म्हणजे चूकही दप्तरात राहायची आणि ती सुधारणाराही.

यंत्र आले ते दबकत

बँकांत संगणक आणण्याची चर्चा सोपी नव्हती. नोकऱ्या जातील ही भीती होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ मध्ये करार झाला, तो मर्यादित यंत्रे मर्यादित ठिकाणी बसवण्याचा. त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ चा, दुसऱ्या रंगराजन समितीचा १९८९ चा. पहिली यंत्रे आली ती 'लेजर पोस्टिंग मशीन' या नावाने. 'संगणक' हा शब्दच टाळला जाई! लोक हसत, पण त्या एका नावात तडजोड होती.

१९९० नंतर उदारीकरण आले, नव्या खासगी बँका आल्या, आणि स्पर्धेने घाई केली. १९९३ मध्ये संघटनांशी नवा करार झाला. पुढे केंद्रीय दक्षता आयोगानेही बँकांचे काम संगणकावर आणण्याचा आग्रह धरला, कारण हाताने लिहिलेल्या न जुळणाऱ्या दप्तरात घोटाळे लपतात. २००० नंतरच्या दशकात 'कोअर बँकिंग' आले आणि मोठा फरक पडला. तोवर खातेदार शाखेचा होता, आता तो बँकेचा झाला. लासूरचे खाते पुण्यात चालू लागले. आरटीजीएस २००४, एनईएफटी २००५, आणि एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय. एवढ्या बारा वर्षांत टोकनापासून आपण चहावाल्याच्या क्यूआर कोडपर्यंत पोचलो.

या बदलातली सर्वात महत्त्वाची पायरी कोणाला दिसली नाही, ती इथे सांगितली पाहिजे. जुनी लेजरे बंद करण्याआधी प्रत्येक शाखेत काही काळ दोन्ही दप्तरे चालत. तीच नोंद हाताने लेजरमध्ये आणि तीच यंत्रात. संध्याकाळी दोन्ही ताडायची. दुप्पट काम, सगळे वैतागत. पण जुळणी झाल्याशिवाय लेजरला कुलूप लागत नसे. नव्या यंत्रावर विश्वास ठेवायला आमची हरकत नव्हती, फक्त तो विश्वास आधी सिद्ध झाला पाहिजे होता.

सामान्य माणसाला काय मिळाले

वेळ वाचला हे तर आहेच. पण एक फायदा फार कमी लोकांना माहीत आहे. पूर्वी बचत खात्यावर व्याज कसे मिळे? महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. रोजच्या शिलकेवर हजारो खात्यांचे व्याज हाताने काढणे अशक्य, म्हणून हा तोडगा.

समजा, खात्यात महिनाभर ५०,००० रुपये होते आणि २८ तारखेला ४८,००० काढले. जुन्या पद्धतीने त्या महिन्याचे व्याज उरलेल्या २,००० वर. साडेतीन टक्के दराने सुमारे ६ रुपये. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झाले. त्याच दराने त्याच महिन्याचे व्याज सुमारे १३० रुपये होते. संगणक नसता तर हा न्याय करता आला नसता. त्यामुळे "आमच्या वेळी सगळं चांगलं होतं" असे मी म्हणणार नाही.

कायदाही बदलला. १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा सांगे की बँकेच्या वहीची प्रमाणित नक्कल कोर्टात पुरावा धरावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने त्यात संगणकातल्या नोंदी आणि त्यांची छापील प्रतही आणली. पण एक अट घातली : छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र हवे. यंत्र नीट चालत होते का, त्यात कोण शिरू शकत होते, बदल कसे टिपले जात होते, हे जबाबदार माणसाने सही करून सांगायचे. शंभर वर्षांपूर्वीची वही असो की आजचा सर्व्हर, कायदा शेवटी माणसाची सही मागतो.

कांद्याची पट्टी आणि सातबारा

आपल्या बाजार समितीतही हे सगळे आपण पाहिले. लिलाव झाला, माल काट्यावर गेला, की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. पूर्वी ती कार्बन लावून हाताने लिहीत आणि शेतकरी घडी करून टोपीत नाहीतर बंडीच्या खिशात ठेवी. आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पट्टी छापील आहे, आणि पैसे बहुतेक वेळा खात्यावर येतात.

२०२३ मध्ये कांद्याचे भाव कोसळले तेव्हा राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त ७०,००० रुपये. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या : विक्रीची मूळ पट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद. पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची असते. ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आहे. ज्यांनी ती केली नव्हती त्यांची अडचण झाली आणि शेवटी गावपातळीवर तलाठी, कृषी सहायक वगैरेंच्या पाहणीचा मार्ग काढावा लागला. ज्याने पट्टी जपली नव्हती त्याची अडचण तर त्याहून मोठी. एकाच माणसाला एकाच वेळी कागदही लागला आणि मोबाईलही! एकावर भिस्त ठेवून भागले नाही.

सातबाऱ्याचा प्रवास तर सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. हाताने लिहिलेला सातबारा संगणकात भरताना नावे, क्षेत्र, बोजा यांत चुका राहिल्या. मग २०१७ मध्ये महसूल खात्याने गावोगाव चावडी वाचन घेतले. संगणकातला उतारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची हरकत असेल त्याने ती तिथेच नोंदवायची. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणपणाची गोष्ट चावडी वाचन हीच. ज्याची नोंद आहे त्याला ती ऐकवून मगच पक्की करायची.

नावांचा घोळ हा तर वेगळाच विषय. कागदाच्या काळात कारकून माणसाला ओळखत होता. पासबुकात 'रावसाहेब' आणि रेशनकार्डावर 'रावसाब' असले तरी काम अडत नसे. संगणक माणूस ओळखत नाही, स्पेलिंग ओळखतो. एका अक्षरासाठी आपल्यातल्या किती ज्येष्ठांनी प्रतिज्ञापत्रे केली असतील, ज्याचे त्याला माहीत.

आता आपल्या घरचे

हे सगळे सांगितले ते आपल्या संस्थेसाठी. आपली दप्तरे तीन-चारच, पण त्यांचे मोल मोठे. 'आय' नमुन्यातली सभासद नोंदवही, 'जे' नमुन्यातली यादी, भागपत्रांची नोंद, सभांची इतिवृत्त पुस्तके, आणि पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती. घर विकताना, वारसाचे नाव लावताना, कर्ज काढताना पहिल्यांदा विचारणा होते ती यांचीच. पंचवीस वर्षांत आपल्यातले काही सभासद गेले. त्यांच्या मुलांच्या हातात वडिलांच्या मालकीचा जो धागा आहे, तो या वह्यांतून जातो.

अ‍ॅपला माझा विरोध नाही. मेंटेनन्सची रक्कम मोबाईलवरून भरली आणि पावती तिथेच मिळाली तर खजिनदाराचे जिने चढणे वाचेल, आणि कोणाची किती बाकी हे सगळ्यांना दिसेल. पण चार गोष्टी कराव्यात असे माझे म्हणणे आहे.

पहिली, निदान एक पूर्ण आर्थिक वर्ष दोन्ही दप्तरे चालवावीत आणि दर महिन्याला ताडावीत.

दुसरी, सभासदांची यादी अ‍ॅपवर चढवली की वार्षिक सभेत ती मोठ्याने वाचावी. नाव, सदनिका, भागपत्र क्रमांक, वारसदार नेमला आहे की नाही. आपले छोटेसे चावडी वाचनच समजा. तासभर जाईल, पण पुढच्या पिढीची कोर्टाची पायरी वाचेल.

तिसरी, अ‍ॅप असे घ्यावे की त्यातली नोंद बदलली तर जुनी नोंद, बदलाची वेळ आणि बदलणाऱ्याचे नाव राहील. लेजरवरच्या आडव्या रेघेचाच हा नवा अवतार. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला कायद्याने १ एप्रिल २०२३ पासून ही अट घातली आहे. आपल्याला ती बंधनकारक नसेल, पण चांगली सवय कायद्याची वाट पाहत नाही. आणि दर वर्षअखेरीस सगळ्याची छापील प्रत काढून, पदाधिकाऱ्यांच्या सह्या घेऊन बांधून ठेवावी. उद्या अ‍ॅपवाली कंपनी बंद पडली तर? खासरा पत्रकाला वाचणारा तरी मिळाला. बंद पडलेल्या अ‍ॅपला तोही मिळणार नाही.

चौथी गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. ज्यांना मोबाईलवर पैसे भरायचे नाहीत, त्यांच्याकडून चेक घ्यावा आणि कागदी पावती द्यावी. त्यांना मागासलेले समजू नये. त्यांची भीती निराधार नाही. फसवणुकीचे फोन ज्येष्ठांनाच जास्त येतात. ओटीपी कोणालाही सांगू नका. खात्यातून आपण न केलेला व्यवहार दिसला तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. मात्र ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. इथे वेळच पैसा आहे.

जुन्या वह्यांचे काय करायचे, असे काही तरुण सभासद विचारतात. कपाट अडते, वाळवी लागते, रद्दीत द्या म्हणतात. माझी विनंती आहे की त्या रद्दीत देऊ नयेत. त्यांची पाने स्कॅन करावीत, वह्या कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि एका तरुण सभासदाकडे त्यांची जबाबदारी द्यावी. त्याने कोणत्या वहीत काय आहे याची एक यादी करावी. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला आमच्यापैकी फारसे कोणी नसेल. त्या वेळी कोणाला एखादी नोंद लागली, तर ती सापडली पाहिजे आणि वाचता आली पाहिजे.